जुनं पुढे, नवं मागे

आमच्या कारखान्यात नवीन सॉफ्टवेअर आलं, तेव्हा असेंब्लीतल्या कुणीतरी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव 'सूनबाई' ठेवलं आणि ते चिकटलं. घरात नवी सून यावी आणि तिने प्रत्येक डब्याचं झाकण उघडून "यात काय आहे, कधी आणलं, कुणी संपवलं" असं विचारत सुटावं, तसंच तिचं काम होतं. आम्ही दवाखान्यांसाठी ऑक्सिजनची मशीन बनवतो. ऑर्डर आली की कुठले सुटे भाग लागणार, स्टोअरमध्ये काय शिल्लक आहे, वाटेत काय आहे, कमी पडेल ते पुरवठादाराकडे कधी मागवायचं, हे सगळं सूनबाई एका दमात सांगते. पूर्वी हे चार खात्यांच्या चार डोक्यांत असायचं, आणि ती चारही डोकी दिवसभर एकमेकांवर खेकसायची.

मी प्लॅनिंगला आहे. म्हणजे सूनबाईची सासू म्हणा हवं तर. सकाळी आल्या आल्या तिने काढलेली मागणी डोळ्यांखालून घालायची आणि मगच पुढे पाठवायची. ती हुशार आहे, पण तिला एक गोष्ट येत नाही. रॅकपाशी जाऊन आत हात घालून ती बघू शकत नाही. जे सांगाल ते खरं मानते. मी तशी नाही. भाजीवाल्याने तोललेली भाजी मी घरी येऊन पुन्हा तोलते. नवरा त्याला रोग म्हणतो, मी काळजी म्हणते.

कारखान्यात आम्ही एका घरातले तिघं. नवरा तीन नंबर लाईनचा सुपरवायझर. बाकीच्या लाईन काही ना काही कमी पडून थांबतात, याची कधी थांबत नाही, म्हणून सगळे त्याला 'नॉनस्टॉप' म्हणतात आणि तो ते ऐकून खूश होतो. दुसरा माझा धाकटा भाऊ, स्टोअरकीपर. त्याचं नाव 'कुलूप'. स्टोअरलाही आणि तोंडालाही. आई गेली तेव्हा तो शाळेत होता. पुढचं सगळं माझ्याकडेच झालं. कारखान्यात लागला तोही माझ्याच शब्दावर. त्यामुळे त्याने काही चांगलं केलं की माझी मान ताठ व्हायची, आणि काही बिघडवलं तर ती खाली जाणार हे उघड होतं.

बिघडलं ते व्हॉल्व्हवरून. हा व्हॉल्व्ह मुठीत मावेल एवढा, पण त्याच्याशिवाय मशीन पूर्ण होत नाही. तो बोटीने येतो आणि यायला फार वेळ लावतो. त्या सकाळी सूनबाई म्हणत होती की स्टोअरमध्ये व्हॉल्व्ह भरपूर आहेत, नवीन मागवायची गरज नाही. एक नंबर लाईनचा माणूस ट्रे घेऊन स्टोअरच्या खिडकीशी गेला आणि रिकामा परत आला. रॅकवर एकही नव्हता. दुपारपर्यंत एक आणि दोन नंबरच्या लाईन बंद पडल्या. तीन नंबर तेवढी चालू होती.

"नॉनस्टॉप बघा, कसं जमवतो कोण जाणे," लोक म्हणाले.

मलाही तेव्हा कौतुकच वाटलं. एवढी संशयी बाई मी, पण घरच्या माणसाचं कौतुक आलं की डोळ्यांवर झापड येते.

पुढची बोट लवकर येणार नव्हती. आम्ही हातापाया पडून थोडा माल विमानाने मागवला. तो आला तेव्हा त्यावर निळा ठिपका होता. हा पुरवठादार प्रत्येक लॉटला वेगळ्या रंगाचा ठिपका देतो. गायब झालेला जुना लॉट पिवळ्या ठिपक्याचा होता. लाईन पुन्हा सुरू झाल्या, पण पिवळे गेले कुठे, हा प्रश्न सगळ्या कारखान्यात फिरायला लागला. गेटवर जेवणाचे डबे उघडून बघायला लागले. कॅन्टीनमध्ये लोक पाठ भिंतीला लावून बसायला लागले. बाजारात दुरुस्तीवाल्यांकडे या व्हॉल्व्हला चांगला भाव आहे, असं कुणीतरी म्हणालं. मग सगळ्यांचं बोट आपोआप स्टोअरकडे वळलं, कारण किल्ली एकाकडेच होती.

मोठ्या साहेबांनी भावाला बोलावून विचारलं. तो म्हणाला, "मोजणीत कमी आलेत खरं." बस, एवढंच. साहेबांनी त्याला घरी बसवलं. शनिवारी चौकशी ठेवली, आणि त्या दिवशी काही निघालं नाही तर कामावरून काढणार, पोलिसात कळवणार, असं माझ्यासमोरच सांगितलं.

मी मागचं आठवायला बसले, आणि आठवायला बसलं की सगळंच जुळतं. भाऊ बरेच दिवस कॅन्टीनमध्ये आमच्याबरोबर जेवायला बसत नव्हता. सुट्टीच्या दिवशी घरी यायचा, तेही बंद झालं होतं. एकदा आला तेव्हा नवरा बाहेरून आत आला आणि हा बोलता बोलता गप्प झाला. चहा अर्धा टाकून उठला. माझ्या नजरेला नजर देत नव्हता.

"मी काही म्हणत नाही," नवरा जेवताना म्हणाला, "पण माणसाला अडचण असली की असं होतं. पोरगा वाईट नाही. कुणाच्या तरी नादाला लागला असेल."

"तुला काही माहीत आहे का?"

"मला काय माहीत असणार? मी लाईनवर असतो."

दुसऱ्या दिवशी मी भावाच्या खोलीवर गेले. त्याने दार उघडलं, बाजूला झाला. मी बसलेसुद्धा नाही.

"का घेतलेस?" मी म्हटलं. "पैसे हवे होते तर मला मागायचे होतेस. माझं नाक कापायची काय गरज होती?"

त्याने माझ्यासाठी ओढलेली खुर्ची परत भिंतीला लावली. मग म्हणाला, "साहेबांना काय करायचं ते करू दे, ताई."

नाही म्हणाला नाही. मी तणतणत जिना उतरले. त्याने नाही म्हटलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते, आणि भांडायला मिळालं असतं तर बरं वाटलं असतं. वाटेत मला रडू आलं, ते रागाचं होतं असं मी स्वतःला सांगितलं.

शनिवारच्या दोन दिवस आधी पुरवठादाराचा निरोप आला. पिवळ्या लॉटच्या काही व्हॉल्व्हना आतून तडा जातोय, ते वापरू नका, वापरले असतील तर काढून घ्या. असल्या वेळी सूनबाईसारखं माणूस नाही. मी लॉटचा नंबर टाकला आणि तिने पिवळ्या ठिपक्याचे व्हॉल्व्ह कुठल्या मशीनमध्ये बसले आणि ती मशीन कुठल्या दवाखान्यांत गेली, सगळं पुढ्यात मांडलं. उरलेल्या व्हॉल्व्हपुढे लिहिलं होतं, 'मोजणीत आढळले नाहीत'.

"ते चोराच्या डोक्याला ताप," साहेब म्हणाले. "आपल्या मशीनपुरतं बघा."

तेवढ्यात एका दवाखान्यातून एक मशीन परत आलं. फुसफुस आवाज येतो, अशी तक्रार होती. नर्सच्या लक्षात वेळेवर आलं म्हणून बरं. तिने पेशंटला लगेच दुसऱ्या मशीनवर घेतलं होतं. हे मशीन सूनबाईच्या यादीत नव्हतं. तिच्या म्हणण्याप्रमाणे ते तीन नंबर लाईनवर बनलं होतं आणि त्यात निळ्या ठिपक्याचा व्हॉल्व्ह होता. क्वालिटीच्या बाईने ते माझ्यासमोर उघडलं. आत पिवळा ठिपका होता. व्हॉल्व्हला तडा होता.

"गंमतच आहे," ती म्हणाली. "चोराने चोरी करायची आणि माल आपल्याच मशीनमध्ये आणून बसवायचा. एवढा प्रामाणिक चोर कुठून आणला तुम्ही?"

ती हसली. मी हसल्यासारखं केलं. खरं सांगते, तेव्हाही माझ्या डोक्यात पहिलं नाव भावाचंच आलं. त्याने ट्रेमध्ये अदलाबदल केली असेल, निळे विकायला ठेवून पिवळे खपवले असतील, असं काहीतरी मी रचत बसले. रचलेलं नीट बसेना तरी ठोकून बसवत होते.

संध्याकाळी घरी जाताना सामान घेतलं. स्वयंपाकघरात साबणाच्या वड्या फळीवर ठेवत होते. नवरा ओट्याशी पाणी पीत उभा होता. त्याने वळूनही न बघता सवयीने म्हटलं, "नवं मागे ठेव गं. जुनं पुढे."

हे तो लग्नापासून सांगत आलाय. साबण, काडेपेट्या, टॉर्चचे सेल, तांदूळ, सगळ्याला एकच नियम. आमच्या घरात काही संपत नाही, कारण याच्याकडे मागे नेहमी एक थप्पी असते. नवीन आणलेलं थेट मागे जातं आणि वापरायला निघतं ते आधीचं. पाहुणे कौतुक करतात. मीही करायचे.

माझा हात फळीवरच राहिला. निळे आले. त्याच्या ट्रेमध्ये निळे दिले गेले. त्याने ते मागे ठेवले आणि पुढचे काढले. पिवळे.

"किती आहेत तुझ्याकडे?" मी विचारलं.

"काय?"

"व्हॉल्व्ह."

त्याने ग्लास खाली ठेवला. लगेच नाही म्हणाला असता तर मी कदाचित विश्वास ठेवला असता. पण तो आधी खिडकी लावायला गेला.

"हळू बोल," तो म्हणाला. "चोरी नाही ती. लाईनवर माझ्या बाकाखालच्या ड्रॉवरमध्ये आहेत, कारखान्यातच आहेत. कारखान्याच्याच मशीनला लागतात. घरी एक तरी आणला का मी?"

"स्टोअरमधून बाहेर कसे आले?"

"मागून घेतले. तुझ्या भावाकडून. जाता येता मूठभर. उद्या बोट उशिरा आली तर तुझी ती सूनबाई काय व्हॉल्व्ह विणून देणार आहे? आपल्याकडे असलेले बरे."

"नोंद?"

"नंतर कर म्हटलं होतं त्याला."

"मग त्याने केली नाही?"

तो ग्लास विसळायला लागला. मी परत विचारलं.

"करत होता," तो म्हणाला. "मीच नको म्हटलं. नोंद केली की तू विचारणार, लाईनला एवढे कशाला. तो दोनदा म्हणाला, दाजी, असं नको. मग मी त्याला म्हटलं, तू माझा मेहुणा आहेस की पोलीस? त्यानंतर काही बोलला नाही."

म्हणजे असं होतं. सूनबाईला वाटत होतं माल आहे, म्हणून ती मागवत नव्हती. माल होता, पण माझ्या नवऱ्याच्या ड्रॉवरमध्ये. आपल्या लाईनला टंचाई पडू नये म्हणून त्यानेच सगळ्यांची टंचाई केली होती, आणि दुसऱ्यांच्या लाईन बंद पडल्या की त्याचीच शाबासकी होत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"शनिवारी तो चोर ठरतोय. तुला माहीत आहे ना?"

"मी त्याची सोय केलीय," तो म्हणाला. "ओळखीच्या एका गोदामात शब्द टाकलाय. लागेल तिथे. पोरगा एकटा आहे, कुठेही जमवेल. माझं या वयात नाव गेलं तर आपण दोघं कुठे जाणार?"

त्याने सोय केली होती. माझ्यासमोर जेवताना 'कुणाच्या तरी नादाला लागला असेल' म्हणणाऱ्या माणसाने सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं. इतक्या वर्षांत मला त्याची भीती कधी वाटली नव्हती. तेव्हा वाटली.

"पिवळ्यांना तडे जातायत," मी म्हटलं. "एक मशीन परत आलं. पिवळे कुठल्या मशीनमध्ये गेलेत ते सूनबाईला माहीत नाही, मला माहीत नाही. तुला माहीत आहे?"

त्याचा चेहरा उतरला. पुरवठादाराचा निरोप लाईनपर्यंत अजून पोचलाच नव्हता. तो खाली बसला आणि बोटांवर काहीतरी आठवायला लागला, मग सोडून दिलं.

"निळे आले त्यानंतरचे सगळे धर," तो शेवटी म्हणाला. "काहींत असतील, काहींत नसतील. मी लिहून नाही ठेवलं."

"उद्या सकाळी साहेबांना तू सांगतोस, की ड्रॉवर मी उघडू?"

सकाळी तो माझ्या आधी तयार होऊन दाराशी उभा होता. ऑफिसात गेल्यावर त्याने साहेबांच्या टेबलावर ड्रॉवरची किल्ली ठेवली आणि सगळं सांगितलं. चांगलं सांगितलं म्हणायला हवं, काही लपवलं नाही. फक्त भावाचं नाव घेताना तो अडखळला. मला त्याची दया आली नाही. पुढे कधीतरी येईल कदाचित.

साहेबांनी बाकीच्या लाईनचे ड्रॉवरही उघडायला लावले. त्यांतूनही स्क्रू निघाले, वायरी निघाल्या, फिल्टर निघाले. प्रत्येकाने मागे एक थप्पी लावलेली होती, कारण प्रत्येकाला शेजारच्याचा संशय होता. सगळं परत स्टोअरमध्ये गेलं आणि सूनबाईला खरं काय ते पहिल्यांदाच कळलं. तीन नंबरच्या त्या दिवसांतल्या सगळ्या मशीनचा पत्ता तिने लगेच काढून दिला. दुरुस्तीची माणसं दवाखान्यांकडे निघाली. व्हॉल्व्हची नवी मागणीही तिने स्वतःच उठवली, मी फक्त पुढे पाठवली. नवऱ्याला लाईनवरून काढून पॅकिंगला टाकलं. नोकरी राहिली. 'नॉनस्टॉप' गेलं.

शनिवारची चौकशी रद्द झाली. भावाला बोलावणं पाठवायला साहेब शिपाई धाडत होते. मी म्हटलं, मी जाते.

तो खोलीवर कपडे वाळत घालत होता. मी सगळं सांगितलं. ड्रॉवर, पिवळे, निळे, गोदामात टाकलेला शब्द. तो ऐकत होता आणि एकेक शर्ट झटकून दोरीवर टाकत होता. नोंदीशिवाय माल दिला म्हणून साहेब त्याला समज देणार होते, तेही सांगितलं. त्याने मान हलवली. ते त्याला मान्य दिसलं.

"अरे, मग बोलायचं नाहीस का?" मी म्हटलं. "मी इथे आले होते. तुझ्या दारात उभी होते. एका शब्दाने सांगितलं असतंस, दाजींनी घेतले. माझा संसार मोडेल म्हणून गप्प बसलास ना?"

"आधी तसंच होतं," तो म्हणाला. "साहेबांसमोर म्हणूनच गप्प बसलो. पण तुला सांगायचं ठरवलं होतं मी. तू जिना चढताना ऐकलं, तुझी चप्पल ओळखू येते मला. म्हटलं, ताई आली, आता सांगून टाकू."

"मग?"

"तू आलीस आणि विचारलंस, का घेतलेस." त्याने शेवटचा शर्ट दोरीवर नीट पसरला. "कुणी घेतले, असं नाही विचारलंस."

मी म्हटलं, चहा करू का. तो म्हणाला, दूध नाहीये.

सोमवारी तो कामावर आला. लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या, कॅन्टीनवाल्याने त्याला स्वतःहून जागा करून दिली. तो सगळ्यांशी नीट वागला. दुपारी मला एक निळा व्हॉल्व्ह तपासायला हवा होता. दुसऱ्या कुणाला तरी पाठवता आलं असतं, पण मी स्वतःच स्टोअरच्या खिडकीशी गेले. कधीकाळी मी तिथे नुसता हात पुढे करायचे आणि तो हसून हवं ते हातावर ठेवायचा.

मी हात पुढे केला. त्याने कीबोर्ड जवळ ओढला.

"कुणाच्या नावावर टाकू, मॅडम?" त्याने विचारलं.

मागे दोघं जण ट्रे घेऊन उभे होते. मी माझं पूर्ण नाव सांगितलं. त्याने ते एकेक अक्षर करून टाइप केलं, स्क्रीनवर नोंद पडली का ते बघितलं, आणि मगच व्हॉल्व्ह माझ्या हातावर ठेवला.